वर्ग सुरू व्हायच्या आधी

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या मोठ्या यंत्रांच्या भिंतीला लागून, एक शिवणखोली होती. फाटलेल्या चादरी, बंद तुटलेले रुग्णांचे झगे, शिवण उसवलेले उशांचे अभ्रे असं सगळं ट्रॉलीतून तिथे येऊन पडायचं. ताई ते नीट करून परत वर पाठवायची. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला धुलाईचा मुकादमसुद्धा. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर दिवसभर चालू असे. काही सांगायचं तर घसा फोडून ओरडावं लागे, म्हणून बोलणं आवश्यक तेवढंच. त्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर ताईला कमी बोलायची सवयच लागून गेली होती आणि घरी गेल्यावरही ती काही सुटत नसे.

घरी आई होती. ताईने लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण, जिला चाळिशी ओलांडली तरी छोटीच म्हणत, दुसऱ्या शहरात राहायची. नवऱ्याशी पटेना म्हणून मुलीला घेऊन ती वेगळी झाली, आणि वर्षभरात ती नोकरी करत होती ते कपड्यांचं दुकानही बंद पडलं. हातात काही नाही, डोक्यावर भाडं, अशा दिवसांत तिने इंटरनेटवर विणकामाचा वर्ग सुरू केला. कॅमेऱ्यासमोर बसून लोकरीचे स्वेटर, मोजे, टोप्या विणायला शिकवायची. छोटीचं बोलणं पहिल्यापासून गोड, त्यात हात सफाईदार. बघता बघता वर्ग भरला. फी भरलेल्या लोकांनाच त्याची लिंक मिळे, आणि वर्ग संपला की व्हिडिओ गायब. मागाहून बघू म्हणणारे पुढे कधीच बघत नाहीत, शिकायचं तर वेळेवर या, असा तिचा खाक्या होता.

ताईला मात्र लिंक फुकट यायची.

"तुझ्याकडून फी घेतली तर देव मला माफ करणार नाही," छोटी फोनवर म्हणाली होती. ते खरंच होतं. तिच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या ताईनेच. "फक्त कुणाला देऊ नकोस हं ताई. यावरच चाललंय माझं."

"मी कुणाला देणार?" ताई म्हणाली होती.

अडचण एवढीच होती की वर्ग सकाळी असायचा आणि त्या वेळी ताई तळघरात. तिथे मोबाइलला रेंज नाही. बहिणीने आपलीच वीण पुढे कुठे नेली हे बघायची तिला भारी उत्सुकता. एकदा शिवणखोलीतला चिठ्ठ्या छापायचा प्रिंटर बिघडला म्हणून वरून कॉम्प्युटरवाला आला होता. तो तारा उपसत बसला असताना तिने सहज विचारलं.

"चालू असलेला व्हिडिओ ठेवून घेता येतो का हो? म्हणजे मागून बघायला?"

"येतो की," तो म्हणाला. "नुसती लिंक देऊन उतरवून घ्यायची सॉफ्टवेअर आहेत, पण फी भरून बघायच्या वर्गाला ती चालायची नाहीत. तुम्ही सरळ पडदाच रेकॉर्ड करा. पडद्यावर जे दिसेल, स्पीकरमधून जे येईल, ते सगळं फाइलमध्ये. फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर."

"फुकट म्हणजे चोरीचं?"

"नाही हो ताई! फुकटचं वेगळं, चोरीचं वेगळं. लोकांनी मिळून बनवलंय, कुणीही वापरावं म्हणून."

मग त्याने एका कागदाच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. फाइलचा प्रकार कोणता निवडायचा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाया जाणार नाही. किती वेळाने आपोआप थांबायचं, तेही आधीच सांगून ठेवता येतं. ताईने घरी येऊन जुन्या कॉम्प्युटरवर ते बसवलं. पडद्याच्या खालच्या बाजूला दोन हिरव्या पट्ट्या आवाजाबरोबर नाचायच्या. एकीऐवजी दोन नाचतायत म्हणजे काम एकदम चोख, असं तिने ठरवून टाकलं.

छोटीला हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं ती स्वतःला म्हणत असे. खरं म्हणजे सांगितलं तर ती नको म्हणेल, ही भीती होती.

तेव्हापासून सकाळचा एक क्रमच ठरला. ताई आईला आंघोळ घालायची, चहा-नाश्ता द्यायची, कॉम्प्युटर चालू करून वर्गाचं पान उघडायची, रेकॉर्डिंगचं बटण दाबायची आणि निघायची. वर्ग सुरू व्हायला अजून बराच अवकाश असे, तोवर पडद्यावर नुसता लोकरीच्या गुंड्याचा फोटो. आईची खुर्ची ती पडद्यासमोर ओढून ठेवायची. गुडघ्यांमुळे आईला फारसं हलता येत नसे. "बस, छोटी दिसेल आता," एवढं बोलून ताई दार ओढून घ्यायची.

संध्याकाळी परत आली की जेवणं उरकायची. आई लवकर आडवी व्हायची आणि मग ताई फाइल उघडायची. आवाज पूर्ण बंद. एक तर आईची झोप सावध, आणि दुसरं म्हणजे तिला ऐकायचं काय होतं? हात बघितले की टाका कळतो. सुरुवातीचा रिकामा भाग ती माउसने सरकवून टाकायची आणि छोटीचे हात दिसले की थांबायची.

इथवर सगळं ठीक होतं, निदान कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग हाडांच्या वॉर्डातल्या एका नर्सबाई स्वतःच पाय मोडून घरी बसल्या. ताई त्यांना भेटायला गेली. बिचारीला वेळ जाता जात नव्हता.

"तुमची बहीण विणकाम शिकवते ना?" नर्सबाईंनी विचारलं.

ताईने दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवर सहा-सात वर्ग भरून नेऊन दिले. "कुणाला देऊ नका बरं," असं तिनेही बजावलं. नर्सबाईंनी बघितले आणि हरखून गेल्या. काय सुंदर शिकवते हो, म्हणाल्या. तेव्हा ताई जे बोलली ते तिला पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

"मीच शिकवलंय तिला," ती म्हणाली.

हे वाक्य उच्चारताना छातीत जे ऊबदार काहीतरी पसरलं, त्याची तिला चटक लागली. मग दवाखान्यातल्या स्वयंपाकघरातली एक बाई झाली, समोरच्या काकू झाल्या, मुकादमाची सून झाली. दर वेळी पेन ड्राइव्ह, दर वेळी "कुणाला देऊ नका", आणि दर वेळी "मीच शिकवलंय." दया म्हणून दिलं, शेजारधर्म म्हणून दिलं, असं ती मनाला सांगायची. पण तळघरात चादरींना ठिगळं लावणाऱ्या बाईला वरच्या मजल्यावरच्या बायका हाका मारून थांबवू लागल्या होत्या, आणि ते तिला हवंहवंसं झालं होतं.

थंडी संपता संपता आई गेली. फार त्रास झाला नाही. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं शांत. छोटी मुलीला घेऊन आली, रडली, राहिली, गेली. जाताना दारात ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं. मी काहीच केलं नाही गं आईसाठी." ताईने तिच्या पाठीवर हात फिरवला.

त्यानंतर महिना-दीड महिना झाला असेल. एका रविवारी छोटीचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, कुणीतरी माझे वर्ग नेटवर टाकतंय. फुकट. चॅनेलच काढलाय मेल्याने. माझं नाव नाही, काही नाही. निम्मे लोक सोडून गेलेत, म्हणतात तिथे फुकट मिळतंय तर पैसे कशाला भरायचे. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं गं?"

ताईच्या हातात पातेलं होतं. ते तिने हळूच ओट्यावर ठेवलं.

"कोण असेल?" छोटीने विचारलं.

"असेल कुणीतरी," ताई म्हणाली. "लोकांना लाज उरलेली नाही."

"मी ते उघडूनही बघितलं नाही. बघवतच नाही."

"नको बघूस," ताई म्हणाली, आणि आपल्याच तोंडून ते किती चटकन निघालं याचं तिला नवल वाटलं.

फोन ठेवल्यावर तिने चॅनेल शोधून काढला. पहिलाच व्हिडिओ उघडला. हात छोटीचे, लोकर छोटीची. आणि आज पहिल्यांदाच, आवाज चालू होता. छोटी सांगत होती, दोन टाके एकत्र घ्या. आणि त्याच्यावरून, अगदी जवळून, एक म्हातारा आवाज म्हणाला, "अगं, आधी पाणी पी. घसा सुकलाय तुझा."

आई बोलत होती.

ताई खुर्चीत मागे सरकली. दुसरी हिरवी पट्टी कशाची होती, ते तिला आत्ता कळलं. कॉम्प्युटरवर जो कॅमेरा बसवला होता, छोटीशी बोलायला म्हणून, त्याचा माइक सगळा वेळ चालूच होता. ती कामाला निघून जायची आणि घरात जे काही ऐकू येई ते फाइलमध्ये जाऊन पडायचं. पेन ड्राइव्हवरून ते नर्सबाईंकडे गेलं होतं, तिथून आणखी कुठे, आणि आता सगळ्या जगाकडे. खाली लोकांनी लिहिलं होतं: आवाज थोडा घुमतो, पण आजी फार गोड आहेत. कुणी विचारलं होतं, आजी आज का नाहीत? नवीन व्हिडिओ कधी? ती आजी आता नाहीच, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्यात आधी ज्यांना दिलं होतं, त्या नर्सबाईंना ताईने गाठलं. त्यांनी पेन ड्राइव्ह नणंदेला दिला होता, नणंदेने मैत्रिणीला, मैत्रिणीच्या घरी भाडेकरू होता आणि तो घर सोडून गेला होता. "अहो, मी तर सांगितलं होतं कुणाला देऊ नका म्हणून," नर्सबाई काकुळतीने म्हणाल्या. "आणि तो आजींचा आवाज, मला वाटलं वर्गातल्याच कुणी असतील." ताई त्यांना काय बोलणार? तिने चॅनेलवाल्याला निरोप टाकला, हे काढून टाका. उत्तर आलं नाही.

मग तिने घरच्या मूळ फाइली उघडल्या. चॅनेलवाल्याने सुरुवातीचा रिकामा भाग कापून टाकला होता. तिच्याकडच्या फाइलींत तो जसाच्या तसा होता. लोकरीच्या गुंड्याचा तो स्थिर फोटो, जो ती रोज माउसने सरकवून टाकत असे. आज तिने सरकवला नाही. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, तिच्याच चपलांचा जिन्यावरचा आवाज दूर गेला. मग बराच वेळ काही नाही. मग खुर्ची करकरली.

"आली का गं छोटी?" आईने पडद्याला विचारलं. "नाही अजून? बरं, मी आहे बसलेली. मला कुठे जायचंय?"

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "दिवस मोठा असतो गं. मोठी दमून येते, तिला काय सांगायचं? ती बोलत नाही फार. मुलगी गुणाची आहे, नाही असं नाही. पण घरात कुणीतरी बोलायला हवं की नको?"

आणि मग छोटी पडद्यावर आली, तसा आईचा आवाज एकदम उजळला. "आलीस! केस बांध आधी. कधी येशील गं मला भेटायला?" नेमक्या त्याच वेळी, शंका लिहून पाठवणाऱ्या शेकडो लोकांकडे बघत, छोटी हसून म्हणाली, "येईन हं, सगळ्यांना वेळ देणार आहे मी."

"ये," आई म्हणाली. "ये बाई."

ताईने फाइल बंद केली. रोज संध्याकाळी, आई पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना, ती याच फाइली आवाज बंद करून बघत होती. पलीकडे जाऊन आईजवळ बसली असती तर हे बोलणं ऐकायला फाइलची गरजच पडली नसती.

पुढच्या रजेच्या दिवशी ती बसमध्ये बसली आणि छोटीकडे गेली. पिशवीत सगळ्या फाइली भरलेली डिस्क होती. छोटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं, खिडकीशी कॅमेऱ्याचा दिवा उभा केलेला. मुलगी शाळेत गेली होती.

"अशी न सांगता? बरं आहे ना सगळं?" छोटीने विचारलं.

ताई खुर्चीच्या कडेवर टेकली. वाटेत तिने शंभर प्रकारे सुरुवात घोळवली होती. त्यातली एकही आठवेना.

"ते चॅनेलवालं," ती म्हणाली, "ते माझ्याकडून गेलंय."

छोटीला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

"तुझ्याकडून? म्हणजे तू रेकॉर्ड करत होतीस?"

"हो."

"आणि लोकांना दिलंस."

"दिलं."

"मी तुला फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस लोकांना लाज नाही!" छोटीचा आवाज चढला. "अगं, मी रात्रंदिवस डोकं फोडून घेतलं. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यावर संशय घेतला, दोघींना तर वर्गातून काढलं. बिचाऱ्या रडल्या माझ्यापुढे. आणि तू गप्प!"

"चुकलंच माझं."

"चुकलं म्हणजे? कप फुटतो तेव्हा चुकलं म्हणतात ताई. का दिलंस पण? मला विचारलं असतंस तर मीच नसतं का दिलं तुझ्या मैत्रिणींना?"

ताई मान खाली घालून बसली होती. मग तिने खरं ते सांगून टाकलं. "त्या म्हणायच्या, किती छान शिकवते. मी म्हणायचे, मीच शिकवलंय तिला. त्याच्यासाठी दिलं."

 छोटी खिडकीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "मी तरी कधी सांगितलं कॅमेऱ्यासमोर, की ताईने शिकवलं म्हणून." पण त्यात माफी नव्हती आणि ताईनेही ती तशी घेतली नाही.

"अजून एक आहे," ताई म्हणाली. "त्याच्यात आईचा आवाज आहे."

दोघी छोटीच्या लॅपटॉपसमोर बसल्या. ताईने तीच फाइल लावली. ऐकवू नये असंही तिला वाटत होतं, पण निवडून निवडून ऐकवणं म्हणजे पुन्हा लपवाछपवीच झाली असती. आईने "कधी येशील गं" म्हटलं आणि पडद्यावरची छोटी हसत "येईन हं" म्हणाली, तशी खरी छोटी तोंडावर पदरासारखी ओढणी दाबून बसून राहिली.

"मी कुणाशी तरी भलत्याशीच बोलत होते," ती शेवटी म्हणाली.

"आणि मी आवाज बंद करून बघत होते," ताई म्हणाली.

जेवायला थांब असं छोटी म्हणाली नाही. डिस्क मात्र ठेवून घेतली. "सगळं मी उतरवून घेते, मग पाठवते. आणि ताई, वर्गाची लिंक आता तुला नाही मिळायची."

"नको देऊस," ताई म्हणाली.

पुढे छोटीने वेबसाइटवर तक्रार केली. बरेच खेटे घालावे लागले, पण चॅनेल बंद झाला. ज्या दोघींना वर्गातून काढलं होतं त्यांना तिने फोन करून माफी मागितली. एक परत आली, दुसरीने फोन मधेच ठेवला. वर्ग पहिल्यासारखा भरला नाही, पण छोटीचं भागतं. ताईने आपल्या परीने पैसे देऊ केले तेव्हा ती म्हणाली, "ते नको. त्याने तुला बरं वाटेल, मला नाही." ताईला ते पटलं आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. ज्यांना ज्यांना तिने पेन ड्राइव्ह दिले होते, त्या सगळ्यांना तिने जाऊन सांगितलं की ते द्यायचा मला हक्कच नव्हता. मुकादमाची सून म्हणाली, एवढं काय त्यात? समोरच्या काकूंना राग आला. त्यांना वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ घेतेय. अजूनही त्या जिन्यात दिसल्या तर तोंड फिरवतात.

डिस्क टपालाने परत आली. बरोबर चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. बरेच दिवस छोटीचा फोनही आला नाही. एके रविवारी आला, आणि तिने ना तब्येत विचारली ना खुशाली.

"कुठपर्यंत ऐकलंस?" तिने विचारलं.

"फार नाही. एका वेळी एवढंसंच ऐकवतं."

"ते टोपीच्या काठाचं आलं का? त्यात ती तुझ्या चहाला नावं ठेवते."

"काय म्हणते?"

"म्हणते, मोठी चहा करते की चादर धुते, कळत नाही."

ताईला हसू फुटलं. पलीकडे छोटीही हसत होती की काय, नीट कळलं नाही. "ऐक ते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

ताईने ती फाइल शोधून लावली आणि शिवायला आणलेला झगा मांडीवर घेऊन ऐकत बसली. आई चहाबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, कात्री कुठे ठेवलीस गं, असं कुणाला तरी विचारलं. "वरच्या खणात आहे, आई," ताई मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात तिला आपला आवाज ओळखू आला नाही. मग पडद्यावर छोटी आली, आई गप्प झाली, आणि ताईने सुई पुन्हा कापडात घातली.